ऑनलाइन योगवर्ग: बॅच सुरू कशी करावी आणि वर्षानुवर्षे टिकवावी कशी

योगशिक्षकाचा कोर्स संपला की पहिला विचार जाहिरातीचा येतो. माझ्याही मनात तोच आला होता. चार-पाच वर्षं रोज पहाटे लॅपटॉपसमोर मॅट अंथरल्यावर कळलं, की ऑनलाइन वर्ग चालतो तो पुढची फी आठवण करून न देताही भरणाऱ्यांच्या जिवावर. आज मॅटवर असलेला माणूस सहा महिन्यांनी असेल का, एवढं बघून मी प्रत्येक निर्णय घेते.

आधी प्रत्यक्ष शिकवा

प्रमाणपत्र हवंच. आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा देता येते. लोणावळ्याचं कैवल्यधाम (स्थापना १९२४) आणि सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट (१९१८) या जुन्या संस्थांमध्ये शिक्षकांसाठी अभ्यासक्रम आहेत. पण कॅमेऱ्यासमोर बसण्याआधी तीन-चार महिने सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा गच्चीवर माणसांना समोर उभं करून शिकवा. कुणाचा खांदा वर चढतो, कोण श्वास रोखून धरतं, हे जवळून बघायची सवय लागली तरच ते छोट्या पडद्यावर दिसतं.

कुणासाठी, ते ठरवा

‘सर्वांसाठी योग’ असं लिहिलं की ते कुणालाच आपल्यासाठी वाटत नाही. मी पन्नाशीपुढच्या बायका निवडल्या: गुडघे कुरकुरणाऱ्या, जमिनीवर बसायची सवय सुटलेल्या. तुम्ही दिवसभर खुर्चीत बसणारे आयटीवाले निवडा, किंवा बाळंतपणानंतरच्या मुली; पण बाळंतिणींसाठी वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय हात घालू नका.

आणि मराठीतून शिकवा. ‘माकडहाड जमिनीला टेकवा’, ‘खुबा उघडा’, ‘बेंबी पाठीकडे ओढा’ हे ऐकल्यावर शरीर लगेच हलतं, मनात भाषांतर करावं लागत नाही. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला हे तिथल्या शेजारच्या स्टुडिओत मिळत नाही.

परदेशातले विद्यार्थी घेणार असाल तर घड्याळ नीट मांडा. आपले सकाळचे साडेसहा म्हणजे दुबईत पहाटेचे पाच, आणि न्यू जर्सीत उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे नऊ, म्हणजे जेवण झाल्यावर. भरल्या पोटी आसनं कशी करायची? त्यांच्यासाठी आपली संध्याकाळी साडेपाचची बॅच ठेवा. तिकडे उन्हाळ्यात सकाळचे आठ वाजलेले असतात. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतली घड्याळं तासाभराने सरकतात, तेव्हा आठवडाभर आधी ग्रुपवर कळवा.

कॅमेरा: पहिला आठवडा यावरच घालवा

माझ्या वर्गात एक काकू होत्या. फोन डब्याला टेकवून ठेवायच्या. त्या भुजंगासनात गेल्या की मला फक्त छताचा पंखा दिसायचा, आणि मी आपली ‘छान, छान’ म्हणत होते. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘मान धरलीय गं.’ तेव्हा त्यांना फोन बुटक्या स्टुलावर, मॅटपासून सहा-सात फुटांवर, आडवा आणि बाजूने ठेवायला लावला. मग दिसलं: कंबरेतून उठायच्या ऐवजी त्या हनुवटी वर फेकत होत्या. तेव्हापासून नव्या माणसाला मी आधी पंधरा मिनिटं वेगळं भेटते आणि फक्त फोनची जागा ठरवते. डोकं ते टाच पूर्ण दिसेपर्यंत आसन नाही.

तुमच्या बाजूने कॉलरचा साधा माइक घ्या. चित्र थोडं धूसर चालेल, आवाज तुटलेला नाही चालत. शवासनात तर सगळी भिस्त आवाजावरच असते. झूमच्या मोफत खात्यात बैठक ४० मिनिटांनी बंद होते, गूगल मीटच्या मोफत खात्यात तिघे किंवा जास्त जण असले तर ६० मिनिटांनी. तासाभराचा वर्ग असेल तर पैसे भरून खातं घ्या.

प्रकृतीची माहिती लेखी घ्या

रक्तदाब, काचबिंदू, हर्निया, मणक्याचा त्रास, अलीकडचं ऑपरेशन, गरोदरपण. दर तीन महिन्यांनी पुन्हा विचारा. काचबिंदू असलेल्याला सर्वांगासन नको, वाढलेल्या रक्तदाबात जोरकस कपालभाती नको, हे शिक्षकाला पाठ हवं. ‘मधुमेह बरा करतो’ असली जाहिरात मुळीच करू नका. गोळ्या बंद करायच्या का, हे डॉक्टरच ठरवतील.

फी आणि हिशेब

एका बॅचमध्ये पंधराच्या वर माणसं घेऊ नका; पुढे चौकटी इतक्या लहान होतात की गुडघा दिसत नाही. महिना ९०० रुपये धरले तर बॅचचे १३,५०० आणि तीन बॅचेसचे ४०,५००. हा आकडा नमुन्याचा आहे, तुमच्या गावाप्रमाणे बदला. मात्र वर्षाची कमाई दहा महिन्यांचीच धरा. मे महिन्यात लोक गावी जातात, गणपती-दिवाळीत घरात माणसं असतात. २१ जूनच्या योगदिनाला गर्दी होते, पण त्यातले बरेच जण जुलैत दिसत नाहीत. त्या गर्दीवर हप्ते काढू नका.

फी तिमाही आणि आगाऊ घ्या, यूपीआयवर, वेगळ्या बँक खात्यात. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे जायला लागली की जीएसटी नोंदणीसाठी सीएला गाठा.

स्वतःचं शरीर जपा

दिवसात तीन बॅचेस पुरेत. प्रत्येक वर्गात प्रत्येक आसन करून दाखवू नका: एकदा दाखवा, मग मॅटवरून उठा, पडद्याजवळ या आणि एकेकाला नावाने सुधारा. त्यानेच लोक टिकतात. सरावातला आपला वेळ वेगळा राखा. तिमाहीत एक आठवडा सुट्टी आधीच जाहीर करा, आणि आजारपणासाठी आपल्याच पद्धतीने शिकवणारी एक मैत्रीण बोलून ठेवा. रेकॉर्डिंग देणार असाल तर फक्त स्वतःचं द्या. विद्यार्थ्यांचे चेहरे त्यात नकोत.

कुणी तीन दिवस दिसलं नाही, तर त्याच दुपारी फोन करा. मेसेज नको, फोनच. फीचा विषय काढू नका. ‘गुडघा कसा आहे?’ एवढंच विचारा आणि ऐकून घ्या. पुष्कळदा पलीकडून उत्तर येतं, ‘बरं झालं फोन केलास, उद्या येते.’