सूक्ष्मनलिका उगवल्याच नाहीत, की उगवून सुटल्या? नाइनिनचे काम तपासण्याची रीत

नाइनिन हे मानवी प्रथिन सेंट्रोसोममधील (सूक्ष्मनलिका जिथून उगवतात त्या पेशीतील केंद्रातील) दोन सेंट्रिओलांपैकी (नळीसारख्या छोट्या रचनांपैकी) जुन्या, म्हणजे मातृ-सेंट्रिओलवर अधिक प्रमाणात आढळते आणि सूक्ष्मनलिकांची, म्हणजे पेशीच्या सांगाड्यातील बारीक प्रथिननळ्यांची, उणे टोके (हळू वाढणारी टोके) तेथे धरून ठेवण्यास मदत करते. त्याचे जनुक १४ व्या गुणसूत्रावर आहे. हे धरून ठेवणे पाहायचे, तर सूक्ष्मनलिका थंडीने मोडून पुन्हा वाढू द्याव्या लागतात.

पेशी आरपीई-१ (मानवी डोळ्यातील दृष्टिपटलाच्या रंगद्रव्यथरापासून वाढवलेल्या) घ्याव्यात, कारण त्यांतील सूक्ष्मनलिका सेंट्रोसोमपासून चहूकडे स्पष्ट पसरलेल्या असतात. हेला पेशींत (कर्करोगापासून वाढवलेल्या मानवी पेशींत) हे चित्र इतके ठळक नसते. एका गटात एसआयआरएनएने (ठरावीक जनुकापासून प्रथिन बनणे रोखणाऱ्या लहान आरएनएने) नाइनिन कमी करावे, तर दुसऱ्या, म्हणजे नियंत्रित गटाला कोणत्याही जनुकावर परिणाम न करणारा एसआयआरएनए द्यावा आणि दोन-तीन दिवसांनी दोन्ही गटांच्या काचपट्ट्या बर्फात सुमारे अर्धा ते पाऊण तास ठेवाव्यात. त्यानंतर प्रत्येक गटाची एक काच गरम न करताच (शून्य मिनिट), आणि बाकीच्या ३७ अंशांचे माध्यम घालून १, ५ आणि ३० मिनिटांनी एकेक करून, पेशी आहेत तशा स्थिर करण्यासाठी उणे २० अंशांच्या मिथेनॉलमध्ये घालाव्यात.

शून्य मिनिटाच्या काचेबाबत सांगलीसारख्या ठिकाणी विशेष दक्षता हवी. एप्रिल-मेमध्ये खोलीचेच तापमान ३५ अंशांच्या पुढे गेलेले असते आणि सूक्ष्मनलिका मिनिटभरात उगवू लागतात. म्हणून ही काच टेबलावर न आणता, डबी बर्फातच असताना माध्यम काढून थेट मिथेनॉल ओतावे. दुपारी वीज गेली असेल, तर मिथेनॉल खरोखर गार आहे ना, हे तापमापकाने पाहूनच प्रयोग सुरू करावा.

अल्फा-ट्यूब्युलिन (सूक्ष्मनलिका ज्याच्या बनतात ते प्रथिन) आणि नाइनिन यांना रंगवणारी प्रतिपिंडे वेगवेगळ्या प्राण्यांतील निवडावीत, म्हणजे दोन्ही वेगळी ओळखता येतात. नाइनिन खरोखर घटले आहे की नाही, हे आधी पाहावे: नियंत्रित गटात सेंट्रोसोमजवळ तेजस्वी ठिपके दिसतात, त्यांपैकी एक बहुधा अधिक ठळक असतो, आणि उपचारित पेशींत ते फिके व्हायला हवेत.

खरा निकाल ३० मिनिटांच्या काचेत असतो, तरीही अनेक जण पहिल्याच मिनिटाचे सुंदर तारे (सेंट्रोसोमपासून ताऱ्यासारख्या पसरलेल्या सूक्ष्मनलिका) पाहून थांबतात. सुरुवातीपासूनच तारा विरळ असेल, तर उगवण्याच्या टप्प्यात दोष समजावा आणि सूक्ष्मनलिका उगवायला सुरुवात करून देणारे गॅमा-ट्यूब्युलिनही तपासावे. तारा नीट उमलून पुढे सूक्ष्मनलिका केंद्र सोडून पेशीभर विखुरल्या, तर दोष पकड सुटण्याचा असण्याची शक्यता अधिक. मोजणी करणाऱ्याला काच कोणत्या गटातली आहे, हे ठाऊक नसावे.