ग्रास कटरचं मिक्स: ऑइल चमचाभर, बाकी सगळं पेट्रोल

गणपती गेले की माझ्या दुकानात ग्रास कटरांची रांग लागते. काजू-आंब्याच्या बागांची बेणणी, म्हणजे वाढलेलं गवत-रान कापणं, निघालेली असते, आणि वर्षभर पडवीत खुंटीला टांगलेलं मशीन ऐन वेळी दोरी ओढून ओढून हात दुखले तरी सुरू होत नाही. मग ते स्कूटरवर आडवं टाकून माझ्याकडे येतं. सोबत बहुतेकदा पाण्याची लिटरची बाटली असते. आत लालसर पेट्रोल, बुचाखाली प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा. "ह्या मिक्स जरा बघ रे, खराब झाला काय ता."

मी मशीन नंतर बघतो, आधी बाटली. कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात बावीस वर्षं हेच काम करतोय. मशीन बिघडलं तर पैसे जातात. बाटलीमुळे काय काय जाऊ शकतं ते मी माझ्याच हातावर बघितलंय.

लोकांच्या डोक्यात एक पक्कं बसलंय की ऑइल घातलं म्हणजे पेट्रोल थंड पडतं, मिक्स तेवढं भडकत नाही. हा हिशेब आपल्याकडे रॉकेलवरून आलेला आहे. आमच्या पिढीचा हात रॉकेलवर बसलेला. कंदिलाला वात लागायची, स्टोव्हचा बर्नर आधी तापवावा लागायचा, तेव्हा कुठे निळी ज्योत धरायची. रॉकेल सांडलं तर आई फडक्याने पुसून घ्यायची आणि पुढच्या कामाला लागायची. कारण पेट घेण्याइतकी वाफ सुटायला रॉकेलला निदान ३५ अंशांच्या वरची ऊब लागते. पेट्रोलला उणे ४० अंशांच्या आसपाससुद्धा तेवढी वाफ सुटते. म्हणजे आपल्याकडे ते बारा महिने, रात्री-पहाटेसुद्धा पेटायला तयारच असतं. लिटरला २० मिली ऑइल घातल्याने त्यात काडीचा फरक पडत नाही. ऑइल पिस्टनला वंगण म्हणून घालायचं असतं, आगीला आवर घालायला नव्हे.

आणि पेटतं ते पातळ पेट्रोल नाही, त्याची वाफ पेटते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, त्यामुळे ती वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटते, उतार धरते, खळ्यातून (अंगणातून) खाली उतरते. पडवीत बूच सैल राहिलेला कॅन आणि पंधरा फुटांवर न्हाणीची चूल, एवढं अंतर पुरेसं आहे असं आपल्याला वाटतं. वाफेला तसं वाटत नाही. तुळशीपुढचा दिवा, उदबत्ती, फ्रीजच्या खालच्या बाजूला बंद-चालू होणारा स्विच, सगळं तिच्या वाटेवरच असतं. म्हणून कॅन घरात नको. बाहेरच्या खोपीत, सावलीत, कुलपात ठेवा.

आता मिक्स करायचं कसं.

आधी तुमचं मशीन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारं, आहे का ते बघा. हल्ली फोर-स्ट्रोकही खूप आलीत, त्यांच्या टाकीत साधं पेट्रोल आणि ऑइल वेगळ्या जागी. टाकीच्या झाकणावर पेट्रोल पंपाच्या चित्राशेजारी थेंब काढलेला असेल तर ते मिक्सवालं. प्रमाण मशीनच्या पुस्तकात किंवा स्टिकरवर असतं. १:२५ असेल तर लिटरला ४० मिली, १:४० ला २५ मिली, १:५० ला २० मिली. मोजायला औषधाच्या दुकानातली २० मिलीची सिरिंज घ्या, "अंदाजाने एक बूच" नको. लूना, एम-८०, चेतकच्या काळात पंपावरचा पोरगा मापाने ऑइल ओतून द्यायचा, ती सोय गेली. टू-टी (टू-स्ट्रोकसाठीचं) लिहिलेलंच ऑइल घ्या. मोटरसायकलच्या इंजिनाचं उरलेलं ऑइल घालून आणलेली मशीनं मी दर वर्षी बघतो, आणि ती परत नेताना मालकाचा चेहराही बघतो.

जागा बाहेरची, वारा पाठीमागून येईल अशी. बिडी-सिगारेट आधीच विझवून, लांब. मोबाईलबद्दल लोक फार विचारतात. मला मोबाईलपेक्षा बिडीची धास्ती जास्त, पण फोन वाजला की लक्ष जातं आणि सांडतं, तेव्हा तोही बाजूला ठेवा. कॅन जमिनीवर ठेवूनच भरायचा. स्कूटरच्या पायदानावर किंवा पिकअपच्या हौद्यात ठेवून भरलात तर ओतताना तयार होणारी स्थिर वीज जमिनीत उतरायला वाट राहत नाही. पावसाळ्यात हवेत ओल असते तेव्हा हे फारसं जाणवत नाही. डिसेंबर-जानेवारीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, तीच ठिणगी पेट्रोलच्या तोंडाशी नको. पंपावर भरतानाही नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेलं असू द्या.

आधी मोजलेलं ऑइल, मग निम्मं पेट्रोल, बूच लावून हलवा, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवा. गच्च भरू नका, दहावा हिस्सा रिकामा सोडा, कारण उन्हात पेट्रोल फुगतं. उन्हात राहिलेला कॅन उघडताना बूच तोंडाकडे धरू नका. आधी अर्धा फेरा, फुस्स आवाज थांबला की मग पूर्ण. तीन-चार टाक्यांपुरतं करा, महिन्याभराचं नको.

बाटलीऐवजी काय? पत्र्याचा, घट्ट फिरकीच्या झाकणाचा कॅन. याला कायद्याचाही आधार आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल ३० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतं, पण ते घट्ट बुचाच्या भांड्यात. काचेचं किंवा चिनीमातीचं भांडं असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. प्लास्टिकच्या बाटलीचं नाव त्यात नाही. मी काचही सुचवत नाही, बागेत दगडावर पडली की संपलं. कॅनवर ऑइलपेंटने "मिक्स १:४०, पिऊ नये" असं लिहा आणि कधी केलं ती तारीख खडूने. एसटीत तो कॅन घेऊन चढू नका.

"पिऊ नये" हे वाचून हसू आलं असेल. लाल टू-टी ऑइल घातलेलं पेट्रोल पाण्याच्या बाटलीत कसं दिसतं ते एकदा बघा. हुबेहूब कोकम सरबत. माझ्या बहिणीचा मुलगा सहा वर्षांचा असताना खेळून घामाघूम होऊन आला आणि ओट्यावरची बाटली त्याने तोंडाला लावली. बाटली मीच ठेवली होती. एकच घोट, तोही त्याने लगेच थुंकला. तरी दोन दिवस खोकत होता आणि आम्ही दवाखान्यात बसून होतो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "उलटी करवलीत का?" नशिबाने नव्हती. पेट्रोल पोटात जितकं घातक, त्याहून फुप्फुसात. उलटी करवली की ते वर येताना श्वासनलिकेत जायची भीती असते. मिठाचं पाणी नको, घशात बोट नको, तोंड धुऊन थेट दवाखाना. नळी तोंडात धरून टाकीतलं पेट्रोल ओढणाऱ्या मोठ्यांनाही हेच लागू आहे. दहा रुपयांचा हातपंप मिळत नसेल, पण शंभराच्या आत मिळतो.

आता माझा हात.

२०११ चा ऑक्टोबर, काजूची बाग, दुपारचे साडेबारा. उतारावर अर्धा तुकडा राहिला होता आणि टाकी संपली. जेवायच्या आधी उरकू म्हणून मशीन खांद्यावरून काढलं, कुशीवर आडवं ठेवलं आणि लगेच ओतायला घेतलं. नरसाळं घरी राहिलं होतं. बाटलीतून गळागळा ओतताना थोडं टाकीबाहेर ओघळलं. ग्रास कटरमध्ये टाकी आणि सायलेन्सर यांत वीतभरसुद्धा अंतर नसतं. साधारण २५० अंशांच्या पुढे पेट्रोलला ठिणगीसुद्धा लागत नाही, आणि भर कामात सायलेन्सर त्याच्याही वर तापलेला असू शकतो. मला आधी "चर्र" ऐकू आलं, मग नुसतं "भप्प". मोठा आवाज नव्हता, उशी आपटावी तसा. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत उन्हाचा चटका बसल्यासारखं वाटलं, मग केस जळल्याचा वास आला, आणि मग कळलं की बाटली अजून हातातच आहे आणि तिच्या तोंडाला ज्योत आहे. मी ती फेकली. फेकायला नको होती, घरंगळत जाताना तिने दहा फुटांचा पट्टा पेटवला. गवत हिरवं होतं म्हणून बाग वाचली. हेच फेब्रुवारी-मार्चमध्ये झालं असतं तर शेजारच्या दोन बागांसकट वणवा गेला असता.

तेव्हापासून माझा नियम असा. टाकी संपली की मशीन बंद, पाणी प्यायचं, दहा मिनिटं बसायचं. सायलेन्सरजवळ तळवा नेऊन बघायचा, लावायचा नाही. मशीन सपाट, उघड्या मातीवर, टाकीचं तोंड वर. नरसाळ्यानेच ओतायचं. सांडलंच तर पुसायचं, ते वाळू द्यायचं, आणि ते फडकं खिशात कोंबायचं नाही. मग मशीन उचलून भरल्या जागेपासून दहा पावलं लांब नेऊन दोरी ओढायची. कपड्यांवर सांडलं असेल तर कपडे बदलल्याशिवाय दोरीला हात नाही. गरम मशीन वाळल्या पाल्यावर कधीच टेकवायचं नाही, त्याला पेट्रोल सांडायचीही गरज लागत नाही.

पेटलंच तर पाणी मारू नका. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते पाण्यावर तरंगत पसरतं आणि आग सोबत घेऊन जातं. माती, वाळू, ओलं गोणपाट. बागेत जाताना एक गोणपाट भिजवून न्यायला काही पडत नाही. खोपीत आग विझवायचा दोन किलोचा पावडरचा सिलिंडर टांगा. अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला तर पळू नका, आडवे होऊन लोळा. इथे मात्र पाणी चालतं. भाजलेल्या जागेवर साधं वाहतं पाणी २० मिनिटं, घड्याळ लावून. टूथपेस्ट, हळद, शाई काही नाही. चिकटलेला कपडा ओढून काढायचा नाही. १०८ ला फोन. माझ्या हाताला शेजारणीने मायेने टूथपेस्ट फासली होती, ती खरवडून काढताना डॉक्टर आणि मी दोघेही घामाघूम झालो.

बाकी राहिली ती शिळ्या मिक्सची गोष्ट. २०२५ पासून पंपावरच्या पेट्रोलमध्ये सरसकट २० टक्के इथेनॉल असतं. आपल्या घाटावरच्या उसाचंच त्यात बरंचसं असेल, तक्रार नाही. पण इथेनॉल पाणी ओढतं, आणि कोकणच्या पावसाळ्यात हवेत पाण्याशिवाय असतं काय? माझ्या दुकानातल्या फळीवर एक काचेची शिशी आहे. त्यात मिक्स घेऊन थोडं पाणी घातलं आणि हलवून ठेवलंय. खाली एक थर बसलाय, आणि तो मी घातलेल्या पाण्यापेक्षा बराच जाड आहे, कारण पाण्याने इथेनॉलला आपल्याबरोबर खाली नेलं. ऑइल वरच्या थरात राहिलं. ग्रास कटरच्या टाकीत नळीच्या टोकाला वजनाचा फिल्टर असतो, तो नेमका तळाशी पडून राहतो. म्हणजे मशीन आधी तळचा बिनवंगणाचा थर ओढणार. एक तर सुरूच होणार नाही, नाहीतर सुरू होऊन पिस्टन धरणार, म्हणजे जाम होणार. म्हणून महिन्याच्या वरचं मिक्स मी वापरत नाही, पावसात पंधरा दिवसांच्या वरचं नाही.

ते शिळं मिक्स विहिरीजवळ, पऱ्ह्यात (ओढ्यात), गटारात ओतू नका. आणि भाजावळीच्या, म्हणजे शेत भाजायला रचलेल्या, कवळांवर (तोडलेल्या फांद्या-पाल्यावर) किंवा होळीच्या ओल्या लाकडांवर तर नकोच नको. ओतल्यापासून काडी ओढेपर्यंतच्या मिनिटभरात वाफ तुमच्या पायांपर्यंत आलेली असते. होळी पेटते, पण तुम्ही तिच्या आत उभे असता. गॅरेजमध्ये आणून द्या, आम्ही बघतो त्याचं काय करायचं.

बेणणी संपली की टाकी पूर्ण रिकामी करा, रबरी बल्ब पाच-सहा वेळा दाबून नळीतलं काढा, मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. चोक ओढून आणखी एकदा सुरू करून बघा. कार्बोरेटरमधला पातळ डायफ्राम मग कडक होत नाही. एवढं करणाऱ्यांची मशीनं गणपतीनंतर माझ्या दुकानात येत नाहीत. सध्या अशी पाच-सहाच गिऱ्हाईकं आहेत.