मॉडेल टी रस्त्यावर काढताय? आधी या चुका टाळा

फोर्डने १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून जास्त मॉडेल टी बनवल्या. त्यामुळे अमेरिकेत आजही चालती गाडी मिळते आणि बहुतेक सुटे भाग नवे बनून येतात. नवा मालक गाडी घरी आणतो, रंग काढतो, पितळ घासतो, टप शिवून घेतो. मागचा अ‍ॅक्सल मात्र उघडत नाही. "आवाज येत नाही ना, मग कशाला?" हे उत्तर ऐकून ऐकून कान किटले आहेत.

या गाडीत उजव्या पेडलचा ब्रेक चाकांवर नसतो. गियरबॉक्समधल्या ड्रमभोवती पट्टा आवळला जातो, आणि ती पकड शाफ्ट, पिनियन (छोटा दातेरी गियर), क्राउन (त्यात अडकणारा मोठा दातेरी गियर) अशी फिरून मागच्या चाकांपर्यंत पोहोचते. क्राउन पिनियनला चिकटून राहावा म्हणून डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गियरसंचाच्या, दोन्ही बाजूंना थ्रस्ट वॉशर, म्हणजे त्याला बाजूला सरकू न देणाऱ्या चकत्या असतात. मूळचे वॉशर बॅबिटचे, म्हणजे मऊ मिश्रधातूचे. इतक्या वर्षांत त्यांना तडे जातात आणि एक दिवस त्यांचा भुगा होतो.

पुढचं ठरलेलं असतं. गाडी उतारावर आहे, चालक निर्धास्त आहे. वॉशर फुटतो, क्राउन बाजूला सरकतो, दात सुटतात. उजवं पेडल दाबलं, काही नाही. घाबरून रिव्हर्सचं मधलं पेडल दाबलं, तेही फुकट, कारण तेही त्याच शाफ्टवर चालतं. इंजिनचा अडसरही गेला. उरतो हँडब्रेक. तो थेट मागच्या चाकांच्या ड्रमवर लागतो, पण उभी गाडी धरण्यापुरताच आहे, आणि बहुतेकांचा झिजलेला असतो.

म्हणून आतले वॉशर ब्राँझचे आहेत याचा पुरावा नसेल, तर अ‍ॅक्सल खाली उतरवा, दोन फाका करा आणि दोन्ही बाजूंना ब्राँझचे बसवा. नुसतं ऑइल बदलून आत डोकावणं ही तपासणी नाही. जुन्या ऑइलमध्ये चंदेरी चुरा दिसला, तर गाडी त्याच दिवशी बंद ठेवा. न दिसला म्हणून वॉशर शाबूत आहेत असंही समजू नका. मूळ गियरबॉक्सच्या मागे जादा गियरबॉक्स बसवलेल्या गाडीत तो न्यूट्रलमध्ये अडकला तरी पेडलचा ब्रेक असाच जातो. अशा गाडीला चाकांवरचे वेगळे ब्रेक हवेतच. आमच्या मते ते प्रत्येक मॉडेल टीला हवेत.

दुसरी चूक हँडल मारण्याची, म्हणजे पुढचा दांडा हाताने फिरवून इंजिन सुरू करण्याची. स्टिअरिंगखाली डावीकडचा दांडा स्पार्कचा, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारा. हँडल मारताना तो पूर्ण वर हवा. खाली राहिला, तर पिस्टन माथ्यावर पोहोचण्याआधीच ठिणगी पडते, इंजिन उलटं फिरतं आणि मनगट मोडतं. आधी हँडब्रेक पूर्ण मागे ओढा, त्याने गाडी न्यूट्रललाही येते. तरीही चाकाला ओंडका लावा. थंडीत घट्ट झालेल्या ऑइलमुळे क्लचच्या चकत्या चिकटतात आणि सुरू होताच गाडी पुढे सरकते. समोर तुम्ही, मागे भिंत! इग्निशन बंद ठेवून, चोक ओढून दोन-तीनदा पाव फेरा द्या. मग चोक सोडा, इग्निशन चालू करा. डावा हात, अंगठा बोटांच्याच बाजूला, आणि हँडल खालून वर एकदाच ओढा. वरून खाली दाबू नका, गरगर फिरवू नका. "मी रोज उजव्या हाताने मारतो" म्हणणाऱ्याला अजून उलटा झटका बसलेला नाही, इतकाच त्याचा अर्थ.

इंजिन लागताच स्पार्कचा दांडा खाली आणा. तो वरच ठेवून चालवलं की इंजिन तापतं. मग लोक पाण्याचा पंप विकत आणतात. अगदी सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या, तर मूळ गाडीत पंप नाही, गरम पाणी आपोआप वर चढतं. निरोगी रेडिएटरला तेवढं पुरतं. गंजून बुजलेला रेडिएटर बदला.

ऑइल मोजायला काडी नाही. इंजिनच्या ऑइल चेंबरला खाली दोन तोट्या आहेत, पातळी त्यांच्या मध्ये हवी. सपाट जागी, इंजिन थोडा वेळ बंद ठेवून बघा. आडवं व्हायचा कंटाळा केला की लांब चढावर ऑइल मागे जातं आणि पहिल्या सिलिंडरचा रॉड कोरडा पडतो.

बॅटरीची तार मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या चुंबकी यंत्राच्या) टर्मिनलला कधीही लावू नका, आतल्या चुंबकांची ताकद जाते.

लो गियरचं पेडल अर्धवट दाबून गाडी रांगवू नका, पट्टे जळतात. दाबलं तर ठाम दाबा.

मागच्या हबचे नट पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळा.

क्लिंचर टायरमध्ये (रिमच्या वळलेल्या कडेत हवेच्या दाबाने अडकून राहणाऱ्या जुन्या टायरमध्ये) हवा ५५ ते ६० पौंड हवी. आजच्या मोटारीसारखी ३० ठेवलीत, तर वळणावर टायर रिममधून निघतो.