उडत्या मोठ्या पक्ष्यांची छायाचित्रे : काळवंडलेले पोट आणि पुसट पंखटोके

गिधाडे, करकोचे, पेलिकन संथ उडतात म्हणून त्यांचे छायाचित्र सोपे वाटते; प्रत्यक्षात माझ्या चित्रांत पंखांची खालची बाजू काळी आणि टोके पुसट येत असत. काळेपणाचे कारण प्रकाशमापनात होते, कारण चौकटीत बहुतांश उजळ आकाश असले की कॅमेरा त्यालाच मध्यम राखाडी धरून एकूण एक्स्पोजर (चित्रासाठी आत घेतला जाणारा प्रकाश) कमी करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेल्या एक्स्पोजरमध्ये आपण केलेली भरपाई, +१ ते +१.७ ठेवल्यावर पिसांचा तपशील दिसू लागला, परंतु पक्षी झाडीसमोर उतरला की तीच भरपाई जास्त होऊन पांढरी पिसे सपाट पांढरी होत, म्हणून मी अखेर मॅन्युअल एक्स्पोजरकडे, म्हणजे सगळी मापे स्वतः ठरवण्याकडे, वळलो. पक्ष्यावर पडणारा प्रकाश तोच असेल, तर पार्श्वभूमी कितीही बदलली तरी मापे बदलावी लागत नाहीत. पुसटपणासाठी शटरचा वेग १/५०० वरून १/१६०० सेकंदावर नेला, कारण धड जवळजवळ स्थिर दिसत असताना पंखाचे टोक बरेच अंतर कापत असते. त्यामुळे कमी झालेला प्रकाश भरून काढायला वाढवलेला आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) आणि त्याचा कणीदारपणा मला मुळीच खटकत नाही. हलत्या पक्ष्यावर फोकस धरून ठेवणारा सतत फोकस अर्थातच चालू हवा. भर दुपारी मात्र पंखाखालची सावली कोणत्याही सेटिंगने पुरती हटत नाही. तिरपे ऊनच तिथवर पोहोचते.