सांडव्याला जाळी लावू नका

फार्महाऊसच्या किंवा रिसॉर्टच्या मातीच्या बंधाऱ्याचा सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, पावसाळ्याआधी पूर्ण मोकळा करा. मासे निसटू नयेत म्हणून तिथे जाळी लावायचा मोह होतो, तो टाळाच. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या साउथ फोर्क धरणावर एका श्रीमंत क्लबने अशीच जाळी लावली होती, धरणाचा माथाही उतरवला होता. ३१ मे १८८९ च्या अतिवृष्टीत जाळी कचऱ्याने तुंबली, पाणी भरावावरून गेलं, धरण फुटलं. जॉन्सटाउन परिसरात २,२०९ माणसं गेली.

भरावाचा खालचा पायथाही दर आठवड्याला चालत पाहा. पाझर नितळ असेल तर नोंद ठेवा. गढूळ झाला, तर आतली माती वाहतेय: आधी खालच्या वस्तीला सावध करा, लगेच अभियंत्याला बोलवा.