एकोणिसाव्या शतकातल्या कलावंताचं चरित्र मुलांसाठी कसं लिहावं

दर शनिवारी आमच्या भागातल्या वाचनालयात मी आठ-दहा मुलांना गोष्टी वाचून दाखवते. एकदा संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांचं छोटंसं चरित्र वाचायला घेतलं होतं. "त्यांना बालपणापासूनच नाटकाची गोडी होती" या वाक्यापाशी मुलांची चुळबुळ सुरू झाली. थोडं पुढे गेल्यावर सहावीतल्या एकाने विचारलं, "ताई, ते कचेरीत नोकरी करायचे ना? मग नाटकाच्या दिवशी रजा टाकली होती का?"

पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. मी घरी जाऊन शोधलं आणि तेव्हापासून अशी चरित्रं स्वतःच लिहायला लागले. पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी लिहायचं असेल तर मी पुढच्या क्रमाने जाते. उदाहरण अण्णासाहेबांचंच घेते.

१. आधी एक दिवस निवडा

जन्मापासून सुरुवात करू नका. ज्या दिवशी त्या माणसाच्या आयुष्यात काहीतरी घडलं, तो दिवस पकडा. अण्णासाहेबांच्या बाबतीत तो आहे ३१ ऑक्टोबर १८८०. पुण्यातल्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्या दिवशी 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला.

तारीख मिळाली की वार काढा आणि पंचांगात तिथीही बघा. तो रविवार होता, आणि दोन दिवसांवर आश्विन अमावास्या, म्हणजे ऐन दिवाळी. सरकारी कचेरीतल्या माणसाला रजा टाकायची गरजच नव्हती! त्या मुलाला हे सांगितलं तेव्हा तो एवढा खूश झाला की पुढचा अर्धा तास हलला नाही. फराळाचे वास, दारातल्या पणत्या आणि नाटकाला निघालेली माणसं हे सगळं त्याने स्वतःच डोळ्यांपुढे आणलं.

२. दोन ओळींची पट्टी करा

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर आडवी पट्टी आखा. वरच्या ओळीत माणसाचं वय, खालच्या ओळीत तेव्हा आजूबाजूला काय चाललं होतं ते लिहा.

१८४३ मध्ये मार्चच्या ३१ तारखेला बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, म्हणजेच आपले अण्णासाहेब, बेळगावकडच्या गुर्लहोसूरला जन्मले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. त्या ५ नोव्हेंबरलाच आपण आज मराठी रंगभूमी दिन म्हणतो. म्हणजे मराठी नाटक आणि हा मुलगा एकाच वयाचे! वय १०: मुंबई-ठाणे आगगाडी धावली. वय ३७: 'शाकुंतल'. दोनच महिन्यांनी, जानेवारी १८८१ मध्ये, 'केसरी' निघाला. वय ४२: २ नोव्हेंबर १८८५ रोजी मृत्यू.

पट्टी पुरी झाली की ती मुलांपुढे ठेवा आणि काही बोलू नका. प्रश्न तीच विचारतात. आमच्याकडे एकीने तर गुर्लहोसूर हे नाव ऐकून "पंपवाले किर्लोस्कर?" असं विचारलं. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करही त्याच गावचे, पण ते १८६९ साली जन्मले. मुलांच्या मनात या दोघांची सरमिसळ होते, म्हणून एका वाक्यात फरक सांगून टाका.

३. 'पहिला' हा शब्द तपासून घ्या

मुलांच्या पुस्तकांत सगळेच 'पहिले' असतात. अण्णासाहेबांना 'पहिलं संगीत नाटक लिहिणारे' म्हणायचा मोह होतो, पण सोकर बापूजी त्रिलोकेकरांचं संगीत 'नलदमयंती' त्याआधीचं, १८७९ चं आहे. मग काय लिहायचं? अण्णासाहेबांनी संगीत नाटकाची अशी घडी बसवली की पुढची कित्येक वर्षं ती मोडली नाही, असं लिहा. ते खरंही आहे आणि मोठंही आहे.

तसंच, त्या रविवारी 'शाकुंतल'चे सातही अंक झाले नव्हते, पहिले चारच झाले होते. हे वगळू नका. अर्धं तयार झालेलं काम लोकांपुढे ठेवायला धाडस लागतं, हे मुलांना चटकन कळतं.

पारशी नाटक मंडळींचं 'इंद्रसभा' हे नाटक बघून अण्णासाहेबांना मराठीत असं काही करावंसं वाटलं, अशी हकीकत आहे. ती जरूर घ्या, पण "असं सांगतात" हे दोन शब्द जोडून. बारा वर्षांच्या मुलाला पुरावा आणि हकीकत यांतला फरक समजतो.

४. विशेषणं काढा, क्रियापदं ठेवा

माझ्या पहिल्या खर्ड्यातलं वाक्य असं होतं: "अलौकिक प्रतिभेचे धनी असलेल्या अण्णासाहेबांनी रंगभूमीची अमूल्य सेवा केली."

आता ते असं आहे: "अण्णांना शिकायला पुण्याला पाठवलं. ते नाटकांच्या मागे लागले आणि शिक्षण अर्धवट राहिलं. पुढे त्यांनी बेळगावात मास्तरकी केली. कालिदासाचं संस्कृत नाटक घेऊन त्यांनी ते मराठीत आणलं आणि मध्ये मध्ये गाणी घातली. चाली कुठून घेतल्या? कीर्तनातून, साकी-दिंडीतून, लहानपणी कानांवर पडलेल्या कानडी गाण्यांतून."

दुसऱ्या परिच्छेदात एकदाही स्तुती नाही, तरी मुलांना अण्णा आवडतात. शिक्षण अर्धवट राहिलं हे लपवावं असं काही पालकांना वाटतं. मला ते अजिबात पटत नाही. माणूस कुठे अडखळला ते काढून टाकलं की मागे हार घातलेला फोटो उरतो.

५. अवघड गोष्टी टाळू नका

शकुंतलेचं काम शंकरराव मुजुमदारांनी केलं. पुरुषाने? हो. बायकांनी रंगमंचावर उभं राहणं तेव्हा घरंदाज समजलं जात नव्हतं. मुलं आधी हसतील. हसू द्या, मग कारण सांगा. याच मुजुमदारांनी पुढे अण्णासाहेबांचं चरित्र लिहिलं. वाचनालयात ते मिळालं तर आधी तेच वाचा, कारण लिहिणारा माणूस तालमीत हजर होता.

इथे मी थोडं जास्त थांबते. अण्णासाहेबांचंच 'सौभद्र' हे नाटक रंगमंचावर आलं १८८२ साली. त्यांचे गायक नट भाऊराव कोल्हटकर सुभद्रा होऊन मनाविरुद्ध ठरलेल्या लग्नाचं दुःख गात होते. त्याच वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' प्रसिद्ध झालं. बाईचं दुःख एक पुरुष गातोय आणि एक बाई ते संतापून स्वतः लिहितेय. या दोन गोष्टी पट्टीवर एकाखाली एक मांडा. एका माणसाचं चरित्र लिहिताना ज्यांना रंगमंच मिळाला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी राखून ठेवायलाच हव्यात.

६. ऐकवा

संगीत नाटकाबद्दल नुसतं वाचणं म्हणजे पुरणपोळीचं चित्र बघणं. 'शाकुंतल'ची 'पंचतुंड' ही नांदी (नाटकाच्या सुरुवातीचं मंगलगीत) आणि 'सौभद्र'मधलं 'वद जाऊ कुणाला शरण' हे पद मोबाइलवर लावा. अनोळखी शब्दांचे अर्थ गाणं संपल्यावर सांगा, मध्ये थांबवू नका.

भाऊरावांचा आवाज मात्र ऐकवता येणार नाही. ते १९०१ च्या फेब्रुवारीत गेले, अवघे सदतीस वर्षांचे. ग्रामोफोनचं भारतातलं ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ मध्ये. जेमतेम पावणेदोन वर्षांनी हुकलं. मी हे सांगितलं तेव्हा खोलीत कुणीच बोललं नाही. मग एका मुलीने विचारलं, "पण मग तो आवाज चांगला होता हे आपल्याला कसं माहीत?" याच प्रश्नापासून पुढचा परिच्छेद लिहा: ऐकणाऱ्यांनी काय लिहून ठेवलं, लोक कुठून कुठून यायचे, पुढच्या नटांनी काय उचललं.

७. मोठ्याने वाचा, पेन्सिल हातात ठेवा

खर्डा झाला की तीन-चार मुलांना वाचून दाखवा. जिथे त्यांची नजर खिडकीकडे जाईल तिथे समासात खूण करा. त्याच दिवशी ती ओळ छाटा किंवा बदला. लांबी दोन-अडीच पानांपुढे नको.

शेवटी "अशा या थोर नाटककारास विनम्र अभिवादन" लिहू नका. अण्णासाहेब गेले तेव्हा 'रामराज्यवियोग' अपुरं होतं, तीनच अंक झाले होते. माझं चरित्र मी तिथेच थांबवते, तिसऱ्या अंकाच्या पडद्यापाशी. गेल्या महिन्यात दोघा मुलांनी चौथा अंक स्वतः लिहून आणला. त्यात मंथरा माफी मागते.