घरी ग्वांचाले कसं करायचं

ग्वांचाले म्हणजे डुकराच्या गालाचं मीठ लावून वाळवलेलं मांस, इटलीत रोमच्या आसपास लात्सिओ भागात करतात, आणि कार्बोनाराला, म्हणजे अंडं-चीज घालून केलेल्या पास्त्याला, खरी चव ह्यानेच येते, बेकन घालून ती गंमत नाही येत.

एक किलो गाल घ्या, आतल्या बाजूला छोट्या गाठी असतात ग्रंथींच्या, त्या सगळ्या कापून टाका, हे अजिबात विसरू नका. मग वजनाच्या ३ टक्के मीठ, म्हणजे ३० ग्रॅम, अंदाजाने नको, काट्यावर मोजूनच. सगळीकडे चोळून पिशवीत बंद करा, फ्रिजमध्ये आठवडाभर, रोज उलटायचं.

नंतर थोड्या वाईनने धुवून नीट पुसा, जाडसर कुटलेली काळी मिरी भरपूर दाबून लावा, दोरीने टांगा. टांगणं हाच खरा कठीण भाग, १२ ते १५ डिग्री आणि ७० टक्क्यांच्या वर ओल हवी, आपल्याकडच्या हवेत उघड्यावर टांगलं तर सडणारच, जुना वाईनचा फ्रिज असेल तर जमतं. टांगायच्या आधी वजन लिहून ठेवा, ३० टक्के कमी झालं की तयार, साधारण महिना लागतो. पांढरी बुरशी आली तर व्हिनेगरने पुसा, काळी किंवा लव असलेली हिरवी आली तर सरळ फेकून द्या, जीव हळहळला तरी.

कच्चं नका खाऊ, शिजवूनच खा. थंड पॅनमध्ये तुकडे टाकायचे, तेल नाही, मंद आच, चरबी आपोआप सुटते, आणि ती चरबी प्लीज ओतून देऊ नका, पास्ता तिच्यातच घोळवायचा!